दहाला दहा जुळेना

सायकलच्या मागच्या चाकातून येणारी टिक् टिक् मी जवळजवळ महिनाभर ऐकून न ऐकल्यासारखी केली. मे महिन्यात शाळेचा निकाल लागला, हात मोकळे झाले, तेव्हा एकदाचं चाक काढलं, ओटीवर आडवं धरलं आणि एका स्पोकच्या निपलला, म्हणजे स्पोक रिमला धरून ताणणाऱ्या चिमुकल्या नटाला, पाना लावला. निपल फिरलं नाही, तुटलं. शेजारच्याला लावला तर त्याचा चुराच झाला. बोटांना पांढरी भुकटी लागली, खडू धरल्यासारखी.

स्पोक स्टेनलेसचे, निपल अ‍ॅल्युमिनियमचं, आणि मध्ये खाऱ्या हवेचा ओलावा. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो. दोन वेगळे धातू आणि मिठाचं पाणी म्हणजे काय होतं हे दरवर्षी फळ्यावर काढून दाखवतो. आणि माझ्याच चाकात असे बत्तीस सेल गुपचूप चालू होते, त्यात दर वेळी अ‍ॅल्युमिनियमच मरत होतं. आमचं घर भाट्याच्या खाडीपासून हाकेच्या अंतरावर. इथे खिडकीचे गज टिकत नाहीत, तिथे निपलांचं काय घेऊन बसलात! चाकाच्या मधल्या हबची अवस्था त्याहून वाईट होती. छर्ऱ्यांच्या जागी तांबूस चिखल, आणि रिमला दोन छिद्रांपाशी केसाएवढी चीर. चाक गेलं होतं.

सायकल पुण्याहून जुनी घेतलेली. शिमानो या जपानी कंपनीचा टिआग्रा ४६०० हा गिअरचा संच, मागे दहा चकत्या, ११ ते २८ दातांच्या. पुढे दोन, ५० आणि ३४. पुण्याच्या माणसाला ती पुरत असेल. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, अशी घाटावरच्या लोकांची समजूत असते. आमच्याकडे रस्ता खाडीच्या पुलावर येतो, लगेच घाटी चढतो, जांभ्या दगडाच्या सड्यावर जातो, दहा मिनिटं वारा खातो आणि पुन्हा पुढच्या खाडीत उतरतो. चढ फार उंच नसतात, शे-दीडशे मीटरचेच, पण वळणं देऊन सोपे करण्याइतकी दया रस्ता बांधणाऱ्यांनी सगळीकडे दाखवलेली नाही. माझं वय पन्नाशीला टेकलेलं, गुडघे त्याच्या थोडे पुढे.

हिशेब सोपा होता. पुढच्या ३४ ला मागच्या २८ ने भागायचं आणि चाकाच्या घेराने गुणायचं. चाकाचा घेर २.१३ मीटर. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जाते २.५९ मीटर. मागे ३६ दातांची चकती असती तर गेली असती २.०१ मीटर. मिनिटाला सत्तर फेरे मारायचे म्हटले तर २८ च्या चकतीवर ताशी जवळजवळ ११ किलोमीटरचा वेग ठेवावा लागतो, ३६ वर साडेआठचा. घाटीत हा अडीच किलोमीटरचा फरक म्हणजे गुडघा आणि डॉक्टर यांच्यातला फरक. चाक बांधायचंच आहे तर गिअरही हलके करून घेऊ, असं ठरवलं. इथे माझा मेचा महिना संपला आणि दिवाळीपर्यंतचं काम सुरू झालं.

मूळ डिरेलर, म्हणजे चेनला एका चकतीवरून दुसरीवर ढकलणारा भाग, छोट्या पिंजऱ्याचा होता. पिंजरा म्हणजे चेन ताणून धरणारी त्याची दोन कप्प्यांची दांडी. ३६ ची चकती त्याच्या आवाक्याबाहेरची. शिवाय चेनचा ढिलेपणा गिळायला लांब पिंजरा लागतो: पुढच्या दोन चकत्यांतला फरक १६, मागच्या टोकाच्या दोघींतला २५, एकूण ४१ दात. रस्त्याच्या सायकलींसाठी केलेल्या त्या पिढीच्या डिरेलरांत एवढी भूक कुणाला नाही. डोंगरी सायकलींच्या डिरेलरांना असते. म्हणून एका मोठ्या शहरातल्या दुकानात फोन लावला. पलीकडच्या मुलाने विचारलं, "तुमची सायकल कितीची?" म्हटलं दहाची. "मग शिमानो डिओरे घ्या सर, तोही दहाचाच. कंपनी एक, आकडा एक, प्रश्नच नाही."

मलाही पटलं. पटण्यासारखंच होतं.

डिओरे आला. काय देखणी वस्तू! मी दोन दिवस तो टेबलावर ठेवून नुसता बघत होतो, ही म्हणाली, "आता त्याला हळदकुंकू लावू का?" तिसऱ्या दिवशी जुन्याच चाकावर, नव्या ११-३६ कॅसेटसह, म्हणजे मागच्या चकत्यांच्या गठ्ठ्यासह, चढवला. कॅसेट सनरेसची होती. तिने काही त्रास दिला नाही, कारण दहा चकत्यांच्या बाबतीत शिमानो, स्रॅम, सनरेस या सगळ्यांनी चकत्यांमधलं अंतर एकच ठेवलंय आणि आतल्या खाचाही एकाच नमुन्याच्या. कॅम्पाग्नोलोचं घराणं निराळं, त्यांच्या खाचा वेगळ्या. तिकडे मी गेलोच नाही.

सायकल आंब्याच्या दोन पेट्यांवर टेकवून चाक अधांतरी ठेवलं, पायडल हाताने फिरवत शिफ्टरचा, म्हणजे तार ओढून गिअर बदलणाऱ्या हँडलवरच्या दांडीचा, पहिला खटका दिला. चेन कुरकुरली, पण चढली नाही. तार ताणली. आता पहिली चढली, दुसरीपाशी अडली. आणखी ताणली तर दुसरी चढली आणि पहिली नाहीशी झाली. रात्री अकरापर्यंत हेच. शेवटी शिफ्टरचे नऊच्या नऊ खटके संपले तेव्हा चेन सातव्या चकतीवर होती. वरच्या तीन मोठ्या चकत्या, ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांना चेनने शिवलंसुद्धा नाही.

दुकानातल्या मुलाला फोन केला. "हँगर वाकला असेल." हँगर म्हणजे फ्रेमला डिरेलर टांगायची पट्टी, ती सरळ होती. "मग शिफ्टर खराब." शिफ्टर काल संध्याकाळपर्यंत घड्याळासारखा चालत होता. त्यानंतर त्याने फोन घेतला नाही.

सुट्टीच होती. शाळेच्या शिपायाकडून प्रयोगशाळेची किल्ली घेतली आणि व्हर्नियर कॅलिपर घरी आणला. (रजिस्टरमध्ये सही करून.) तार डिरेलरमधून सोडवली, तिच्यावर पेनने खूण केली आणि शिफ्टरचे नऊ खटके दिले. एकेक खटका मोजण्यात चूक फार होते, म्हणून सगळे मिळून मोजायचे आणि भागायचे, हे मी मुलांना कागदाची जाडी काढताना सांगतो. तार आली २१ मिलिमीटरला किंचित कमी. भागिले नऊ, २.३ मिलिमीटर दर खटक्याला. मग कॅसेट: एका चकतीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत ३.९५. आता डिरेलर. तार बरोबर १० मिलिमीटर ओढली आणि खालची कप्पी आत किती सरकली ते बघितलं. १२ मिलिमीटर. जुना टिआग्रा पुन्हा लावला, तार तेवढीच ओढली. १७.

सगळा घोळ त्या दोन आकड्यांत होता. जुना डिरेलर तारेच्या हालचालीला १.७ ने गुणतो: २.३ गुणिले १.७ म्हणजे ३.९१, चकत्यांच्या अंतराला जवळजवळ चपखल. डिओरे १.२ ने गुणतो: २.७६. दर खटक्याला जवळजवळ सव्वा मिलिमीटर कमी. नऊ खटक्यांत पस्तीसऐवजी पंचवीस मिलिमीटर, म्हणजे सहा चकत्यांची चाल. सातव्या चकतीवर चेन का थांबली याचं गणित वहीत उतरलं तेव्हा मला राग यायच्या ऐवजी चक्क आनंद झाला. पैसे पाण्यात गेले होते, पण पाण्याची खोली कळली होती.

मग वाचत बसलो. २०१० च्या सुमारास शिमानोने डोंगरी सायकलींना दहा चकत्या दिल्या तेव्हा हे गुणोत्तर मुद्दाम बदललं. शिफ्टरने तार जास्त ओढायची, डिरेलरने कमी हलायचं, म्हणजे चिखलाने तार थोडी अडखळली तरी गिअर चुकत नाही. कल्पना चांगली, आमच्या पावसाळ्यात तर फारच चांगली. पण रस्त्याच्या दहाला ती लागू केली नाही. पुढे २०१५ मध्ये टिआग्रा ४७०० आला, तोही दहाचा, आणि त्याचं गुणोत्तर तिसरंच. म्हणजे एकाच कंपनीच्या 'दहा'मध्ये तीन दहा, आणि तिन्ही एकमेकांशी अबोला धरून. उलट नऊ चकत्यांचे जुने डोंगरी डिरेलर मात्र १.७ चेच. त्यांच्यावर 'नऊ' लिहिलेलं असतं म्हणून त्यांच्याकडे कुणी बघत नाही. डिरेलरला मोजता येत नाही, तो फक्त ओढतो तितका हलतो. मोजायचं काम शिफ्टरचं.

पुण्यात माझा भाचा असतो, त्याची सायकल स्रॅमची. त्याला हे सगळं सांगितलं तर म्हणाला, "मामा, आमच्याकडे दहामध्ये रस्त्याचं आणि डोंगराचं गुणोत्तर एकच. मी तर सरळ लावला आणि चालला." ते खरं आहे. पण शिफ्टरसकट घराणं बदलायचं तर नवी सायकल परवडली. गुणोत्तर बदलणारी एक छोटी कप्पी तारेच्या वाटेत बसवता येते, तीही बाहेरून मागवावी लागणार होती. सोडून दिलं.

सुटका चिपळूणमध्ये झाली. तिथला एक ओळखीचा आपल्या डोंगरी सायकलीला नवावरून दहावर नेत होता. त्याला डिओरे हवा होता, त्याच्याकडे नऊचा लांब पिंजऱ्याचा अलिव्हिओ पडून होता. अदलाबदल केली, वरचे पैसे त्याने दिले. डिरेलर जुन्या मोज्यात गुंडाळून एसटीने आला. १० मिलिमीटर तार ओढली, कप्पी १७ सरकली. व्हर्नियर दुसऱ्या दिवशी शाळेत परत.

चाकाची गोष्ट वेगळी, ती बाजारातल्या मिस्त्रींच्या दुकानात घडली. दुकान म्हणजे दोन फळ्या, एक हवेचा पंप आणि छताला टांगलेले टायर. मिस्त्रींचं वय सत्तरीच्या आसपास. माझ्या गिअरच्या सायकलीकडे ते इतकी वर्षं 'परक्याची पोर' म्हणून बघत आले. भाच्याने आधी एक डोंगरी हब फुकट पाठवला होता, तो घेऊन गेलो. मिस्त्रींनी चिमट्यात ठेवून आस मोजला. "हा मोठा आहे मास्तर. पाच मिलिमीटर."

हब १३५ चा, माझी फ्रेम १३० ची. मी म्हटलं, "फाकवता येईल?"

"लोखंड असतं तर आत्ता फाकवली असती. ही अ‍ॅल्युमिनियम. ही फाकत नाय, तडकते." आणि हब माझ्या हातात ठेवला.

मग १३० चा, बत्तीस छिद्रांचा शिमानो हब आणि अ‍ॅलेक्सची रिम मागवली. मध्ये आंबा घाटात दरड आली आणि पार्सल आठवडाभर पलीकडे कोल्हापूरला बसून राहिलं. स्पोक स्टेनलेसचे, दोन लांबीचे, गिअरच्या बाजूचे दोन मिलिमीटर आखूड, कारण कॅसेटला जागा द्यायला त्या बाजूची कड आत सरकलेली असते. निपल मात्र पितळेचे. मिस्त्रींनी बत्तीस स्पोक मोजले आणि विचारलं, "बाकीचे आठ?" जुन्या काळ्या सायकलींना पुढे बत्तीस आणि मागे चाळीस स्पोक असतात, त्यांच्या हाताला मागचं चाक म्हणजे चाळीसच. बत्तीस म्हटल्यावर त्यांना मी पुढच्या चाकाचं सामान मागे बसवतोय असं वाटलं. पण बसले. आधी प्रत्येक आट्याला ग्रीस. "होडीला लावतात ते उंडेल लावलं असतं," ते म्हणाले, "पण तुम्हाला वास चालणार नाय."

तीन तीन स्पोकांना ओलांडून चौथा, एक वर, एक खाली. यातलं काहीही त्यांनी मोजलं नाही. मी वहीत आकृती काढून नेली होती, ती त्यांनी चहाच्या कपाखाली ठेवली. चाकाचा आउट, म्हणजे डुलणं, काढायला सायकलच उलटी केली, ब्रेकच्या पट्टीजवळ खडू धरला आणि चाक सोडलं. खडू लागला तिथला स्पोक अर्धा फेरा सैल, समोरचा अर्धा फेरा ताठ. मग चाक काढून उलटं बसवलं, पुन्हा खडू. दोन्ही वेळा रिम मधोमध आली तेव्हा स्पोकांना टिचकी मारत गेले. उजवीकडचे टणटण, डावीकडचे बसक्या आवाजाचे. त्यांना ते आवडलं नाही. मागच्या चाकाच्या दोन बाजू सारख्या ताणायच्याच नसतात, नाहीतर रिम मधोमध राहत नाही, हे मी समजावलं. "म्हणजे लंगडं चाक," ते म्हणाले, आणि त्या एका शब्दात विषय संपला.

घरी येऊन कॅसेट चढवली, ती धरून ठेवणारं आट्याचं लॉकरिंग दम लावून आवळलं. कॅसेट तरी खुळखुळते! पुन्हा काढली, पुसली, पुन्हा आवळली. हलतेच. इथे पुन्हा आकड्यांनी दगा दिला होता. नवा हब अकरा चकत्यांच्या काळातला, त्याचा खाचांचा दांडा १.८५ मिलिमीटरने लांब. दहाची कॅसेट बसते, पण आत तेवढ्या जाडीची कडी टाकावी लागते. हबबरोबर ती यायला हवी होती, माझ्या खोक्यात नव्हती. शिमानोच्या रस्त्याच्या बहुतेक दहा-कॅसेटना आणखी एक मिलिमीटरची कडी लागते, डोंगरी मापाच्या कॅसेटना ती लागत नाही. माझी डोंगरी. भाचा दोन्ही टाकायला सांगत होता. त्याचं ऐकून वायसर कापून बघितला, तर लॉकरिंगचा आटाच धरेना.

मग मिरजोळ्याच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडे गेलो. तो बोटींच्या इंजिनांचे भाग कातत होता, एकेक भाग माझ्या मांडीएवढा. मी हब आणि चिठ्ठी पुढे केली.

"१.८५? दोन करू ना सरळ."

"दोन नको. दोनने पुन्हा आटे कमी पडतील."

"मग पावणेदोन?"

"१.८५."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हबकडे, मग त्याच्या हाताखालच्या पोराकडे, आणि लेथ चालू केला. दहा मिनिटांत कडी झाली. मायक्रोमीटर लावून मला दाखवलं: १.८५. पैसे घेईना. "एवढ्याशाचे काय घ्यायचे?" शेवटी पोराला चहाचे दिले. निघताना त्याने आणखी एक तशीच कडी हातावर ठेवली. "एक हरवते."

गणपतीत मिस्त्री गावाला, मग शाळेत घटक चाचणी. तार आणि चेन ऑक्टोबरमध्ये लावली. चेन केएमसीची, दहाची. चेनच्या बाबतीत मात्र कंपनी कुठलीही चालते, आकडा तेवढा पाळायचा, कारण चकत्या वाढतात तशी चेन बाहेरून अरुंद होत जाते. लांबी ठरवायला पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून, डिरेलर वगळून, चेन गुंडाळली आणि वर दोन दुवे धरले. डिरेलरचा मागचा स्क्रू जवळजवळ संपेपर्यंत आत घेतला तेव्हा वरची कप्पी ३६ च्या दातांपासून सुटी झाली.

खटके पडले. एक, दोन, तीन... सहावा अडखळला. खाली येताना चौथा. रोज वेगळाच. दोन संध्याकाळी गेल्यावर लक्षात आलं की गडबड कुठल्याच कंपनीची नव्हती, माझीच होती. तारेचं बाहेरचं आवरण जुनं गंजलं म्हणून मी बाजारातून मीटरवर आणलं होतं, ते ब्रेकचं. ब्रेकच्या आवरणात पोलादी पट्टी स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते, ओढ आली की ती किंचित दबते. ब्रेकला चालतं. गिअरला दर खटक्याला २.३ मिलिमीटरच्या हिशेबात अर्धा मिलिमीटर कुणी खाल्ला तर कसं चालेल? गिअरच्या आवरणात तारा उभ्या, लांबीच्या दिशेने असतात, म्हणून त्या दबत नाहीत. कापलेल्या टोकाकडे नीट बघितलं की दोन्ही लगेच ओळखू येतात. मी बघितलं नव्हतं. योग्य आवरण लावल्यावर दहाही चकत्या ओळीने वाजल्या. आठवीवरून नववीवर जाताना अजून थोडी कुरबुर करते. तिला मी सवलत दिली आहे.

मिस्त्रींना दाखवायला नेली. त्यांनी हाताने पायडल फिरवत वर-खाली सगळे खटके दिले. जपानचा शिफ्टर, नवाचा डिरेलर, तैवानी कॅसेट, एमआयडीसीची कडी, आणि त्यांचं चाक. "आमच्या वेळी खटकाच नव्हता. दांडी सरकवायची, कानाने ऐकायचं, कुठलाही गिअर कुठेही चालायचा." तेही खरंच. शिमानोचा खटक्याचा गिअर १९८४ सालचा. त्याआधी मोजायचं काम माणसाच्या अंगठ्याकडे होतं, त्यामुळे भांडण कुणाचं कुणाशी नव्हतं.

नोव्हेंबरात आरे-वारे मार्गे गणपतीपुळे, तिथून जयगड, जयगडहून फेरीबोटीने तवसाळ. बोटीत एका मासेवालीने टोपली माझ्या मागच्या चाकाला टेकवून ठेवली आणि मी मनातल्या मनात मिठाचं पाणी पितळेवर काय करेल याचा विचार करत उभा राहिलो. धक्क्यावरून बाहेर पडलं की लगेच चढ. मी ३४ वर, मागे ३६ वर. पायडल इतकं हलकं लागलं की पहिल्या वळणावर चेन तुटली की काय असं वाटून खाली वाकून बघितलं. एक एसटी मागून आली, हळू झाली. कंडक्टर खिडकीतून ओरडला, "उतरा हो काका, ढकला!" उतरलो नाही. सड्यावर पोचलो तेव्हा घड्याळात वेग होता साडेसात.

उरलेली दुसरी कडी मी मिस्त्रींकडे ठेवायला दिली. त्यांनी ती खिळ्याला अडकवली आणि खडूने खालच्या फळीवर लिहिलं: '१.८५, मास्तरची, कुणाला देऊ नये.'